यूएसबी कॅसेट प्लेयर: आवडत्या बँडच्या कॅसेट वाचवायला कितपत उपयोगी?

वॉकमनएवढा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि बाजूला यूएसबीचं तोंड असलेला कॅसेट प्लेयर ऑनलाइन दुकानांत साधारण दोन-तीन हजारांत मिळतो. खोक्यावरची नावं वेगवेगळी असतात, आतली यंत्रणा मात्र जवळपास एकच. कॅसेट घाला, लॅपटॉपला जोडा, गाणी उतरवून घ्या, असं त्याचं सांगणं. निकाल आधीच देऊन टाकू. माळ्यावरच्या खोक्यातल्या कुठल्या कॅसेटमध्ये काय आहे, हे चाळून बघायला हा प्लेयर चांगला आहे. ज्या बँडवर जीव आहे त्याची कॅसेट कायमची साठवायची असेल, तर हा पुरा पडत नाही. कुठे पुरा पडत नाही, ते नीट समजून घेतलं तर त्याच्याकडूनही बरंच काम काढून घेता येतं.

आधी कॅसेट निवडा. कंपनीने काढलेले बहुतेक अल्बम आज स्ट्रीमिंगवर स्वच्छ मिळतात. इंडियन ओशन या बँडचा २००० सालचा ‘कंदिसा’ कॅसेटवरून उतरवून घेण्यात वेळ घालवू नका. तो ऐकायला तयार आहेच. वाचवायच्या त्या कॅसेट, ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. रेकॉर्डिंग सेंटरवाल्याला गाण्यांची यादी देऊन भरून घेतलेली कोरी कॅसेट. मित्राने स्वतःच्या अक्षरात नावं लिहून दिलेली मिक्सटेप. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजलेला बँड. मुंबईच्या रंगभवनात इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाला कुणी खिशातल्या रेकॉर्डरवर टिपलेला आवाज. या टेपांमध्ये गाण्याइतकंच मोल गाण्याच्या आजूबाजूच्या गोष्टींना असतं: दोन गाण्यांमधला ‘टक’ असा बटणाचा आवाज, निवेदकाचं अर्धं तुटलेलं वाक्य, मागे कुणीतरी मारलेली हाक.

आता यंत्राकडे. पहिला दोष वेगाचा. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. स्वस्त प्लेयरमध्ये फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं जड चाक) हलकं असतं आणि मोटरवर नियंत्रण कच्चं, त्यामुळे वेग सरसकट चुकतो आणि शिवाय डुलतो. सरसकट चूक तपासायला ‘कंदिसा’ची कॅसेट उपयोगी पडते. एक गाणं वाजवून सेकंद मोजा आणि स्ट्रीमिंगवरच्या त्याच गाण्याशी ताडून बघा. ३०० सेकंदांचं गाणं २९१ सेकंदांत संपलं, तर वेग सुमारे ३ टक्के जास्त आहे आणि सूर अंदाजे अर्धा सेमिटोन (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या निम्मा) चढलाय. कॅसेटसोबत गिटार लावायला गेलात, तर एकही कॉर्ड जुळणार नाही. बऱ्याच मोटरींच्या पाठीवर बारीक भोक असतं. आतला स्क्रू अगदी केसभर फिरवून वेग बसवता येतो. शक्यतो प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर वापरा, आणि हे काम सेल नवे असताना करा, कारण सेल उतरले की वेगही उतरू शकतो. डुलण्यावर मात्र इलाज नाही. तबल्याच्या तुकड्यात ते फारसं कळत नाही, पण कीबोर्ड, बासरी किंवा गिटारचा लांबवलेला स्वर पाण्यात हलल्यासारखा ऐकू येतो.

दुसरा दोष स्टिरिओचा. खोक्यावर स्टिरिओ लिहिलेलं असलं, तरी काही प्लेयर दोन्ही बाजूंना एकच आवाज पाठवतात. खात्री करायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रेकॉर्ड झालेला ट्रॅक डावा-उजवा वेगळा करा, एक बाजू इन्व्हर्ट (उलटी) करा आणि दोन्ही मिसळा. सगळं शांत झालं, तर दोन्हीकडे तोच आवाज होता. काहीतरी उरलं, तर स्टिरिओ खरा. मात्र ही चाचणी कंपनीच्या स्टिरिओ कॅसेटवर करा. मित्राची मिक्सटेप मुळातच मोनो असू शकते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित: हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा कोन, अर्थात अ‍ॅझिमथ. हेडमधली फट फितीला बरोबर काटकोनात हवी. हिशोब करून बघा. ४.७६ सेंटिमीटर वेगाला १०,००० हर्ट्‌झच्या आवाजाची एक लाट फितीवर जेमतेम ४.७६ मायक्रॉनची होते. स्टिरिओतला एक ट्रॅक ०.६ मिलिमीटर, म्हणजे ६०० मायक्रॉन रुंद. हेड अर्ध्या अंशाहूनही कमी कललं, तरी ट्रॅकच्या वरच्या कडेला लाट सुरू होत असते तेव्हा खालच्या कडेला ती संपत असते, आणि तो आवाज स्वतःलाच खोडतो. म्हणून ड्रमची सिंबल (धातूची झांज) पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाजते, गायकाचा ‘स’ हरवतो आणि लोक म्हणतात, कॅसेट म्हातारी झाली. बऱ्याचदा कॅसेट ठणठणीत असते; फक्त ती ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा असतो.

यावर उपाय घरी करता येतो. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवाला लहान स्क्रू असतो. काही प्लेयरना झाकणात त्यासाठी भोक असतं, नसेल तर झाकण काढावं लागतं. कॅसेट चालू ठेवा, हेडफोनमध्ये आवाज मोनो करून ऐका आणि स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा. मोनोमध्ये ऐकायचं, कारण कोन चुकला की डावा-उजवा आवाज पुढेमागे होतो आणि एकत्र आल्यावर वरचे स्वर आणखी दबतात. त्यामुळे बरोबर जागा चटकन सापडते. सिंबल किंवा हाय-हॅट सर्वांत लख्ख ऐकू येईल तिथे थांबा. रेकॉर्डिंग सेंटरवर भरलेल्या टेपसाठी ही जागा वेगळी, मित्राच्या डेकवर भरलेल्या टेपसाठी वेगळी. प्रत्येक टेपला, खरं तर प्रत्येक बाजूला, हे पुन्हा करायचं. ऑटो-रिव्हर्स, म्हणजे आपोआप दुसरी बाजू वाजवण्याची सोय, असेल तर वापरू नका. उलट दिशेला कोन बदलतो. कॅसेट हाताने उलटवा.

उरलेले दोष थोडक्यात. यूएसबीवरून वीज घेताना ‘टिर्रर्र’ असा बारीक आवाज टेपमध्ये मिसळतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला की तो पुष्कळ कमी होतो. डॉल्बी बी या खरखर कमी करणाऱ्या पद्धतीची सोय यात नसते, त्यामुळे डॉल्बीची खूण असलेल्या कॅसेट चरचरीत वाजतात आणि खरखर वर येते. पेन ड्राइव्हवर थेट एमपी३ भरणारी जी जात आहे ती टाळा. तिथे रेकॉर्डिंगची पातळीही हातात राहत नाही आणि दर्जाही.

जीवापाड जपलेल्या पाच-दहा टेपांसाठी मार्ग वेगळा. घरात किंवा नातेवाइकांकडे जुना कॅसेट डेक (अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा मोठा कॅसेट प्लेयर) पडून असेल तर तो बाहेर काढा. नसेल तर मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन जुना मिळतो. घेताना आपली एक कॅसेट सोबत न्या आणि रिवाइंड, फॉरवर्ड, प्ले तिन्ही बघा. मोटरचा आवाज येतोय पण चाकं फिरत नाहीत, म्हणजे बेल्ट गेलाय. जुना बेल्ट सैल होतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. तो बदलता येतो, त्यासाठी डेक सोडू नका. हेडवर नखाला लागेल अशी खाच पडली असेल, तर मात्र सोडून द्या.

डेकच्या लाइन आउटमधून आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते बहुधा मोनो असतं आणि आवाज फाटतो. मध्ये लाइन इन असलेला साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज यूएसबीने लॅपटॉपला देणारी डबी, लावा. बेहरिंजर यूसीए २०२ सारखा, १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर काम करणारा, कॅसेटला पुरतो. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवा. त्या दर्जाला ३० मिनिटांची एक बाजू सुमारे ३४५ एमबी होते. फ्लॅक या फाइल प्रकारात साठवली की बरीच आटोपते आणि काही गमावत नाही.

रेकॉर्ड करण्याआधी कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेकडे उजेडात बघा. पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे. ती कॅसेट प्लेयरमध्ये घालू नका. हेडमार्गे बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि सफाई जाणणाऱ्याकडेच द्या. स्वच्छ दिसणारी टेपही आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून वळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्या मोकळ्या होतात. फीत ढिली असेल तर सहा कोनी पेन्सिल दात्यांत घालून फिरवा. मग कॅसेटच्या तोंडाशी फितीमागे असलेला फेल्टचा चौकोनी तुकडा जागेवर आहे का बघा. त्याचा गोंद वाळला की तो गळून पडतो, फीत हेडला टेकत नाही आणि आवाज दूर गेल्यासारखा येतो. पाच स्क्रूची कॅसेट असेल, तर दुसऱ्या साध्या कॅसेटमधला तुकडा त्यात बसवता येतो. चिकटवलेल्या कॅसेटचं कवच सुरीने शिवणीवर हलकेच उघडावं लागतं आणि रीळ नव्या कवचात ठेवावं लागतं. हेड, फीत पुढे सरकवणारी कॅप्स्टनची दांडी आणि फीत तिच्यावर दाबणारा रबरी पिंच रोलर प्रत्येक दोन-तीन टेपांनंतर पुसा: धातूला आयसोप्रॉपिल अल्कोहोल, रबराला साबणाचं पाणी. तपकिरी डाग निघायचा थांबेपर्यंत पुसत राहायचं. मळका रोलर फीत ओढून घेतो आणि टेप गुंतते ती इथेच.

रेकॉर्ड झालेली बाजू अखंड ठेवा. मित्रांना पाठवायला गाणी वेगळी कापा, पण मूळ फाइलला हात लावू नका आणि तिच्यावर खरखर काढणारा फिल्टर चालवू नका. तो सिंबलही पुसतो आणि मागची ती हाकही. कव्हरमधलं कार्ड ६०० डीपीआयवर दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ साली बंद झालं; त्याचं बिल किंवा स्टिकर आत सापडलं, तर तेही त्याच फोल्डरमध्ये. गाण्यांची यादी कार्डावर आहे तशीच टाइप करा, बँडचं नाव चुकीचं लिहिलेलं असलं तरी; बरोबर नाव पुढे वेगळं लिहा. बी बाजूचं शेवटचं गाणं टेप संपल्यामुळे मध्येच तुटत असेल, तर स्ट्रीमिंगवरून उरलेलं जोडू नका. यादीत फक्त लिहा: अपुरं, २ मिनिटं ४० सेकंद.