अभ्यासचित्रांसाठी अजिंठा की वेरूळ?

छत्रपती संभाजीनगरात कलाशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षभराच्या अभ्यासचित्रांसाठी अजिंठा निवडावे की वेरूळ, हे त्याला रेषा शिकायची आहे की घनता (आकाराचा भरीवपणा), यावर ठरते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रातील झुकलेल्या पापण्या आणि भुवयांचा ओघ पाहिला, की रेषेनेच चेहऱ्यावर भाव कसा उमटतो, हे उमगते. तेथील तंत्रही छोट्या फळीवर करून पाहण्याजोगे आहे: माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर गेरू, पिवडी व काजळी यांचे रंग. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या जे. जे. स्कूलमधील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्या अशाच जवळून पाहण्यातून.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात बेसाल्टच्या कड्यातून वरून खाली कोरत आणले गेले. कैलास हलवणाऱ्या रावणाचे शिल्प कोळशाने रेखाटताना हातांमागची खोल सावली आधी भरावी लागते, आणि उजेड सरकला की तेच शिल्प वेगळे दिसते.

पहिल्या वर्षासाठी मी वेरूळच सुचवेन, कारण ते शहराजवळ आहे आणि कैलासाच्या मोकळ्या प्रांगणात भरपूर उजेड मिळतो. अजिंठ्याच्या मंद प्रकाशात रंगछटा ओळखायला सरावलेली नजर लागते.