बोलेरो कॅम्परला घरीच बसवलेली स्वस्तातली विंच: काळ्या मातीतले आठ महिने

आमचं वावर हिंगणघाटच्या पट्ट्यात, पांदणीनं दोन किलोमीटर आत. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की तीच माती फुगून चाकाला अशी धरते की सोडतच नाही. गाडी फोर बाय फोर आहे, पण पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं की चारही चाकं जागच्या जागी फिरतात. मग ट्रॅक्टर शोधा. ऐन पेरणीत ट्रॅक्टर कोणाचा रिकामा असतो? मागच्या वर्षी खताची पोती भरलेली गाडी दीड दिवस नाल्यात उभी राहिली, वरून पाऊस. तेव्हाच विंच, म्हणजे गाडीच्या पुढे बसवून मोटरनं दोर (रोप) गुंडाळत फसलेली गाडी ओढून काढणारं यंत्र, घ्यायचं ठरवलं.

साडेनऊ हजार पौंडांची, बारा व्होल्टची घेतली. तारेच्या रोपसह साडेचोवीस हजार पडले. नाव सांगून उपयोग नाही, कारण हेच खोकं वेगवेगळ्या स्टिकरखाली विकलं जातं. साडेनऊ हजार पौंड म्हणजे साधारण ४,३०० किलो. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी विंच घ्यावी, हा हिशेब. माझी गाडी भरून पावणेतीन टनांच्या आसपास जाते, म्हणजे जेमतेम बसते. पण हा आकडा ड्रमवर, म्हणजे रोप गुंडाळायच्या रुळावर, रोपचा एकच थर असतानाचा आहे. वर थर चढत जातात तशी ओढ कमी होते, चौथ्या थरापर्यंत एक तृतीयांशाहून जास्त ताकद गेलेली असते. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ठळकपणे लिहितो: झाड जवळ असलं तरी लांबचं झाड धरा, म्हणजे रोप जास्त सुटतो आणि थर कमी राहतात.

बसवणं मे महिन्यात, अंगणातल्या कडुनिंबाखाली. भाचा वेल्डिंगचं काम करतो, तो मदतीला होता. पुढे लोखंडी गार्ड ठोकून त्यावर विंच ठेव, असं दोघातिघांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. असे गार्ड मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना तसं कळवलंही आहे. आणि रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला लागलं तर ते लोखंड त्याची हाडं मोडतं. म्हणून आठ एमएमची प्लेट बंपरच्या मागे, चेसीच्या दोन्ही टोकांना बोल्टनं कसली. चेसीला वेल्डिंग अजिबात केलं नाही. बोल्ट बारा एमएमचे, डोक्यावर ८.८ कोरलेले, नायलॉक नटांसह. विंचची चार भोकं २५४ बाय ११४.३ मिलिमीटरवर असतात. पुठ्ठ्याचा साचा करून मग ड्रिल लावलं, म्हणून एकदाच भोकं पाडली आणि जुळली.

एक गोष्ट मात्र चुकली. प्लेट आत गेली आणि रोप मोकळा सोडायचा लिव्हर बंपरमागे दडला, हातच पोचेना. सगळं उतरवून गिअरबॉक्सचे स्क्रू काढले, तो फिरवून लिव्हर वरच्या बाजूला आणला. दोन तास त्यातच गेले. तुम्ही बसवत असाल तर बोल्ट कसण्याआधी विंच नुसती जागेवर धरून लिव्हर हाताला येतो का ते बघा. विंचच्या वजनानं गाडीचं नाक दोन सेंटिमीटर खाली बसलं, टेपनं मोजलं. रेडिएटरसमोर हवा अडू नये म्हणून प्लेट थोडी खाली घेतली होती, त्यामुळे ४५ अंशांच्या उन्हातही इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला नाही.

खोक्यासोबत आलेल्या केबल बारीक होत्या. पूर्ण भारावर अशी मोटर चारशे अँपिअरच्या आसपास ओढते, गाडीचा अल्टरनेटर तेवढं देऊच शकत नाही, बाकीचं सगळं बॅटरीतून जातं. मी ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घेतली, लग दाबून बसवले, आणि घासू नये म्हणून ठिबकच्या वीस एमएमच्या नळीतून सायलेन्सरपासून दूर नेली. पॉझिटिव्हवर, बॅटरीजवळ, ट्रकला असतो तसला भारी कट-ऑफ, म्हणजे चावीनं सगळी वीज तोडणारा स्विच, लावला. तो लावायला भाचा कंटाळा करत होता. त्या कट-ऑफनंच ऑक्टोबरमध्ये आम्हाला वाचवलं.

परतीच्या पावसात सोयाबीनचे कट्टे घेऊन नाला चढत होतो. रोप बाभळीला पट्ट्यानं बांधला होता, बॉनेट उघडं, इंजिन चालू. गाडी वर आली तसं मी रिमोटचं बटण सोडलं. विंच थांबली नाही. रोज बटण सोडलं की कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भारी स्विचच्या, डब्यातून टक् असा आवाज येतो, तो आलाच नाही, आणि रोप गुंडाळत राहिला. ताणलेल्या तारेचा तो बारीक कुरकुर आवाज आणि हूक विंचच्या तोंडाशी असलेल्या रोलरकडे सरकताना दिसणं, हे मी विसरू शकत नाही. बॉनेटमध्ये हात घालून कट-ऑफची चावी फिरवली, तेव्हा हुकात आणि रोलरमध्ये वीतभर अंतर होतं. घरी डबा उघडला तर झाकणाचं रबर कागदासारखं पातळ, आत चिखलाचं पाणी, आणि एका कॉन्टॅक्टरचे तांब्याचे ठोकळे हिरवट पडून एकमेकांना चिकटलेले. चूक थोडी माझीही. थांबून थांबून ओढायला हवं होतं, मी सलग ओढत राहिलो. बॅटरीचा दाब पडला की कॉन्टॅक्टर फडफडतो आणि ठिणगीनं चिकटतो. आता अठराशे रुपयांचा बंद डब्यातला कॉन्टॅक्टर आणून बॉनेटखाली कोरड्या जागी बसवला आहे. एक मिनिट ओढायचं, मग इंजिन चालू ठेवून चार-पाच मिनिटं थांबायचं. तेव्हापासून तक्रार नाही.

खरी अडचण विंचची नाही, धरायचं कशाला ही आहे. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळी आहेत, पण पांदणीच्या मधल्या टप्प्यात पऱ्हाटीशिवाय काही नाही. जुलैत तिथंच गाडी बसली. शेजारचे काका म्हणाले, “भाऊ, इथं तं झाड नाही, कायले बांधतं?” तेव्हा स्टेपनी पुरली. कमरेएवढा खड्डा, गाडीच्या दिशेला पट्ट्यासाठी तिरकी चर, स्टेपनी उभी टाकून रिममधून पट्टा ओवला आणि माती टाकून तुडवली. सब्बल आणि पावडं घेऊन दोघांना पाऊण तास लागला. काळी माती गाडीला धरते तशीच स्टेपनीलाही धरते, ती जागची हलली नाही. उपसताना मात्र जीव गेला.

त्या दिवशी आणखी एक कळलं. आधी नुसतं बटण दाबलं तर मोटर घुसमटल्यासारखी आवाज करत होती. मग चाकांपुढची आणि पोटाखालची माती पावड्यानं काढली, कप्पी लावून रोप दुहेरी केला, आणि तीच मोटर सहज चालली. कप्पीनं वेग निम्मा होतो पण मोटरवरचा भारही निम्मा होतो, शिवाय रोप जास्त सुटल्यानं ड्रमवर थर कमी राहतात. कप्पी आणि झाडाला बांधायचा पट्टा विंचसोबतच घ्या, नंतर नाही. साखळी झाडाला गुंडाळू नका, साल कापली की झाड वाळतं.

दिवाळीत तारेचा रोप बदलला. तुटलेल्या तारेचा काटा हातमोज्यातून तळव्यात गेला होता. आता दहा एमएमचा सिंथेटिक रोप आहे, आठ हजारांचा. तारेनं जुन्या रोलरवर ओरखडे पाडले होते, ते नव्या रोपला कापतील म्हणून रोलरच्या जागी अॅल्युमिनियमचा गुळगुळीत फेअरलीडही (रोप बाहेर यायची चौकट) घ्यावा लागला. चिखलाचे कण रोपच्या आत शिरतात, म्हणून काम झालं की बादलीत बुचकळून धुतो आणि उन्हापासून झाकतो.

गाडी फसली की अर्धं गाव बघायला येतं, पोरं सगळ्यात पुढे. रोप तारेचा असो की सिंथेटिक, मी त्यावर मधोमध ओलं पोतं टाकतो आणि पोरं रोपच्या लांबीच्या दुप्पट मागे गेल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. लोकांना उशीर वाटतो, वाटू दे.

डायरीत १७ वेळा ओढल्याची नोंद आहे, त्यात सहा वेळा दुसऱ्यांच्या गाड्या, एकदा एक बैलबंडीसुद्धा. केबल, प्लेट, कप्पी, कॉन्टॅक्टर, रोप सगळं धरून खर्च बेचाळीस हजारांच्या वर गेला. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन, फक्त कॉन्टॅक्टर आणि केबल पहिल्याच दिवशी बदलेन. मृगाआधी मोटरचं टोपण उघडून कार्बन ब्रश बघायचे आहेत, आणि पांदणीच्या मधल्या टप्प्यात, जिथं झाड नाही तिथं, धुऱ्यावर लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये गाडायचा आहे. शेजारचे काका त्यासाठी गिट्टी देतो म्हणाले आहेत.