स्क्रीन लुकलुकतेय: ड्रायव्हर मागे न्यायचा की फॉरमॅट मारायचा?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या आत्याच्या लॅपटॉपवर सेटिंग्ज उघडली की स्क्रीन लुकलुकायची, अक्षरं दुभंगायची. दुकानात एकच उत्तर मिळालं, ‘फॉरमॅट मारावा लागेल,’ म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. आत्याकडे मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फाइल्स होत्या आणि त्यातल्या बऱ्याच श्रीलिपीत, म्हणजे स्वतःचे वेगळे फॉन्ट असलेल्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप केलेल्या. तो फॉन्ट गेला की मजकुराच्या जागी नुसती अगम्य चिन्हं उरतात. म्हणून मी तिला म्हटलं, दोन दिवस थांब.

आधी दोष कुठे आहे ते बघा. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. तिथे चित्र स्वच्छ असेल, तर बहुधा पॅनेल किंवा केबल बिघडली आहे. मग ड्रायव्हर (विंडोजकडून स्क्रीनचं चित्र चालवून घेणारं छोटं सॉफ्टवेअर) बदलणंही नको आणि फॉरमॅटही नको. लॅपटॉप सुरू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या सेटिंगच्या पडद्यावरही रेघा दिसल्या, तर विंडोजचा संबंधच नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. बाकी सगळं लुकलुकतंय आणि तो स्थिर आहे, तर एखादं अ‍ॅप दोषी असतं. तोही लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर. आत्याचा तोही लुकलुकत होता.

ड्रायव्हर बदलायला अर्धा तास पुरतो आणि एकही फाइल हलत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स, तिथे प्रॉपर्टीज, मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’. जुना ड्रायव्हर साठवलेला नसेल तर हे बटण फिकट दिसतं. आत्याचं तसंच होतं. मग लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर उतरवून टाकला आणि लुकलुक थांबली. यासाठी सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरवर सुरू होतं तो मोड) जायची वेळ आली, तर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला विंडोजने लावलेल्या कुलपाची, रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. ती मागितली गेली आणि हाताशी नसली, तर फार अडचण होते.

फॉरमॅटमध्ये दिवस जातो. बॅकअप, प्रिंटर, फॉन्ट, पासवर्ड, सगळं पुन्हा. ‘माझ्या फाइल्स ठेवा’ म्हणून रीसेट केलं तरी टाकलेली अ‍ॅप्स जातातच. मला सगळ्यात खटकतं ते हे, की नव्या विंडोजवर विंडोज अपडेट पुन्हा तोच बिघडलेला ड्रायव्हर आणून बसवू शकतं. एवढं करून लुकलुक परत!

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हे सुरू झालं असेल, तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जच्या रिकव्हरीतून मागच्या आवृत्तीवर जाता येतं. तेवढ्यात ठरवा.

फॉरमॅट मी दोघांनाच सुचवेन. एक, ज्यांच्या मशीनमध्ये व्हायरस शिरलाय. दुसरे, जे अजून विंडोज १० वर आहेत आणि ज्यांचं मशीन ११ घेऊ शकतं. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्याने टाकायचंच असेल तर ११ टाका. पण आधी फॉन्टचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या.