जुन्या मियाटाला हलकी चाकं: मूळ १४ इंची, १५×७, १५×८ की फोर्ज्ड?

माझदा मियाटा या दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या छोट्या गाडीच्या पहिल्या पिढीच्या (१९८९ ते १९९७, ओळखीचं नाव 'एनए') मालकाला चाकं बदलायची हुक्की आली की तो सगळ्यात आधी रिमचं वजन बघतो. चार किलो, पाच किलो, कोणाची किती हलकी. मी मिशिगनमध्ये राहतो. इथे गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ, आणि जुनी मियाटा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना परवडते. त्यामुळे 'कुठली चाकं घेऊ?' हा प्रश्न दर उन्हाळ्याच्या तोंडावर येतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी टायर ठरवा, मग रिम, आणि वजन करायचं ते दोन्हीचं मिळून. असं का, ते पर्याय एकेक करून बघताना कळेल.

मूळ चाक मुळातच हलकं आहे

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार शोमध्ये लोकांसमोर आली तेव्हा तिचं वजन हजार किलोच्या आत होतं. ते टिकवायला माझदाने चाकांवरही काटकसर केली. १४ इंच व्यास, साडेपाच इंच रुंदी, ४×१०० ची बोल्ट-मांडणी (१०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार बोल्ट), ऑफसेट ४५ (रिमची गाडीला टेकणारी बाजू तिच्या मध्यरेषेपासून तेवढे मिलिमीटर बाहेरच्या अंगाला), वर १८५/६० आर१४ टायर (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के, रिम १४ इंची). सात पाकळ्यांचं ते मूळ अलॉय साधारण साडेपाच किलोचं भरतं. नंतरच्या १.८ लिटर इंजिनाच्या गाड्यांवर पोकळ स्पोकची आणखी हलकी चाकं आली. (स्वस्त मॉडेलवर लोखंडी रिम होत्या, त्या बऱ्याच जड. तुमच्या गाडीवर त्या असतील तर कुठलंही अलॉय लावा, फरक पडेलच.)

भारतात जाताना बॅगा तोलायला आपण जो हुकाचा काटा वापरतो, त्याला चाक लटकवून बघा. टायर चढवलेलं मूळ चाक १३ किलोच्या आसपास दिसेल. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन टायरचं. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे.

'चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले आठ किलो' असं गणित सर्रास ऐकायला मिळतं. ते चूक आहे. गाडी वेग घेते तेव्हा चाकाला पुढेही सरकावं लागतं आणि स्वतःभोवती फिरावंही लागतं. वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असलं, तर फिरवण्याचा भार सरकवण्याच्या भाराइतका होतो. एकूण दुप्पट. त्याच्या पुढे तो जाऊच शकत नाही. रिमचं बरंचसं वजन हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) जवळ असतं, त्यामुळे तिथला एक किलो सव्वा किलोसारखा वागतो. टायरचा एक किलो मात्र पावणेदोन किलोच्या घरात जातो. म्हणून हलक्या रिमवर जड टायर चढवला की कमावलेलं सगळं तिथेच जातं, वर थोडं पदरचंही.

खड्ड्या-उंचवट्यावरून जाताना स्प्रिंगखालचं वजन कमी असण्याचा फायदा वेगळा, आणि तो खरा आहे. चाक हलकं असलं की शॉक ॲब्झॉर्बरला ते रस्त्याला चिकटवून ठेवणं सोपं जातं. पण तिथेही मोजायचं ते रिम आणि टायर मिळूनच.

पहिला पर्याय: मूळ १४ इंची ठेवणे

स्टीअरिंग हलकं राहतं. ज्यांच्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही त्यांनी याचा खास विचार करावा, कारण पार्किंगमध्ये रुंद टायर हाताला लगेच जाणवतो. नरम बाजूंचा टायर खड्डे पचवतो आणि रिम वाचते. एससीसीए या अमेरिकन हौशी शर्यत-संघटनेच्या ऑटोक्रॉसमध्ये (शंकू मांडून घेतलेल्या वेळेच्या स्पर्धेत) स्ट्रीट वर्गात उतरायचं असेल तर रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, त्यामुळे तिथे हा प्रश्न आपोआप सुटतो.

अडचण टायरची आहे. १८५/६० आर१४ मध्ये चांगला उन्हाळी टायर मिळणं वर्षागणिक कठीण होत चाललंय. जे मिळतात ते बहुतेक साध्या प्रवासी गाड्यांचे, पावसात बरे, वळणावर ढिले. रविवारी सकाळी टप उघडून तळ्याकाठी फिरून यायचं एवढंच असेल तर तेवढे पुरतात, आणि नव्या रिमच्या पैशात शॉक आणि रबर बुशिंग बदलता येतात. तीस वर्षांच्या गाडीत आधी तेच बदलायला झालेले असतात.

मूळ चाकं जुनी विकत घेताना किंवा आपलीच दुरुस्त करताना मागची बाजू, स्पोक जिथे काठाला मिळतो तो सांधा, कापड ओलं करून पुसा आणि उजेडात तिरकं धरा. केसासारखी रेघ दिसली तर ते चाक सोडा. वेल्डिंग करून देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. रंगाच्या बाबतीतही सावध: पावडर कोटिंगच्या भट्टीत अलॉय प्रमाणाबाहेर तापलं तर उष्णतेची प्रक्रिया करून आणलेली त्याची ताकद कमी होते. कोटिंगवाल्याला तापमान आधी विचारा.

दुसरा पर्याय: १५×७, फ्लो-फॉर्म्ड

बहुतेकांनी इथेच थांबावं असं माझं मत आहे. फ्लो-फॉर्म्ड म्हणजे साच्यात ओतलेल्या रिमचा काठ गरम करून रोलरखाली ताणतात. त्याने धातू दाबला जातो, काठ पातळ असूनही मजबूत होतो. जपानच्या हामामात्सूतल्या एन्केई कंपनीची आरपीएफ१ ही यातली सगळ्यांच्या ओळखीची. १५×७ मापात साधारण ४.३ किलो, ऑफसेट ३५ किंवा ४१.

टायर १९५/५० आर१५ घ्या. त्याचा व्यास ५७६ मिलिमीटर, मूळ १८५/६० आर१४ चा ५७८. स्पीडोमीटर, गिअरिंग, गाडीची उंची, काही बदलत नाही. ऑफसेट ३५ धरला तर चाकाची बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली ९ मिलिमीटर आत जाते. कुठे घासत नाही, फेंडरला हात लावावा लागत नाही, आणि गाडी नीट पाय रोवून उभी दिसते.

आता काटा: ४.३ किलोची रिम अधिक आठ-सव्वाआठ किलोचा टायर, म्हणजे साडेबारा. मूळच्या तेरापेक्षा अर्धा किलो कमी! हलक्या चाकांचा एवढा गाजावाजा, आणि हातात पडतो अर्धा किलो. तरीही मी हीच सुचवतो, कारण मिळणारा फायदा वजनाचा नाहीच, टायरचा आहे. १५ इंचात चांगल्या टायरची निवड मोठी आहे, आणि सात इंची रिमवर टायरच्या बाजू ताठ उभ्या राहतात. स्टीअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं. पहिल्याच वळणावर फरक कळतो.

एक उणीव सांगायलाच हवी. इतका पातळ काठ खड्ड्यात वाकतो. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर इथले रस्ते पावसाळ्यातल्या मुंबई-गोवा महामार्गाची आठवण करून देतात. अशा रस्त्यावर रोज गाडी चालणार असेल तर एखाद-दोन किलो जड, जाड काठाची रिम घ्या आणि निर्धास्त चालवा. स्पेक मियाटा या शर्यतीच्या वर्गातही १५×७ रिम किमान १३ पौंडांची, म्हणजे ५.९ किलोची असावी असा नियम आहे. रोज धडका खाणाऱ्या शर्यतीच्या गाड्या तेवढ्या वजनावर धावतात, तर आपल्याला लाजायचं कारण नाही.

तिसरा पर्याय: १५×८

हा ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी. ९४९ रेसिंगची ६यूएल ही याच गाडीचा विचार करून बनवलेली रिम, आठ इंचात साडेपाच किलोच्या आसपास. वर २०५/५० आर१५ चा चिकट टायर चढवला की एकूण पंधरा किलोच्या घरात जातं. म्हणजे मूळपेक्षा दोन किलो जड, प्रत्येक चाकाला. तरीही गाडी ट्रॅकवर मूळ चाकांपेक्षा बरीच वेगवान पळते, कारण पकड वाढलेली असते.

ऑफसेट ३६ असलं तरी बाहेरची कड ४१ मिलिमीटर बाहेर आणि आतली २३ आत जाते. खाली बसवलेल्या गाडीत फेंडरची आतली कड दाबून घ्यावी लागते आणि कँबर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) वाढवावा लागतो. गाडी रस्त्यावरच्या चरांमागे जाऊ लागते, एका हाताने निवांत चालवता येत नाही. महिन्याकाठी ट्रॅक-डे करणाऱ्याने जरूर घ्यावी. फक्त दिसायला छान म्हणून घेणार असाल तर आधी कोणाची तरी तशी गाडी तासभर चालवून बघा.

चौथा पर्याय: फोर्ज्ड

जपानच्या रेज कंपनीची टीई३७ १९९६ मध्ये आली. १५×६ मापात ३.७ किलो, म्हणून नावात ३७. फोर्ज्ड, म्हणजे घडीव ॲल्युमिनियम धक्क्याला शक्यतो वाकतं, ओतीव तडकतं, आणि ताशी १२० वर हा फरक जिवाशी असतो. पैसे मात्र फ्लो-फॉर्म्डच्या दोन-तीन पट, आणि १५ इंच ४×१०० मध्ये अनेकदा ऑर्डर देऊन थांबावं लागतं. तेवढ्या पैशात उत्तम शॉकचा संच येतो, आणि मियाटा शॉकने जास्त सुधारते. शॉक, बुशिंग, टायर सगळं झालेलं आहे आणि गाडी आयुष्यभर ठेवायची आहे, त्यांनी घ्यावी. मनापासून सांगतो, ती वस्तूच तशी आहे.

तिच्या नकला स्वस्तात मिळतात. निव्वळ ओतीव, आणि बहुतेक वेळा मूळ १४ इंचीपेक्षा जड. रिमच्या आत 'जेडब्ल्यूएल' ही जपानी मानकाची खूण असणं पुरेसं नाही, ती निर्माता स्वतःच उमटवतो. शेजारी 'व्हीआयए' असेल तर त्रयस्थ तपासणी आणि नोंदणी झालेली असते.

मॅग्नेशियमची जुनी चाकं दिसली तर ती भिंतीवर लावायला घ्या. ॲल्युमिनियमच्या दोन-तृतीयांश घनतेचा हा धातू हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यावर आतून खाल्ला जातो आणि बाहेरून दिसत नाही. आठ स्पोकच्या वातानाबेची ओतीव ॲल्युमिनियम १४×६ मात्र मला या गाडीवर सगळ्यात देखणी वाटते. १६ आणि १७ इंचाबद्दल लिहीत नाही, या गाडीला ते मापच नाही.

बसवताना

मियाटाच्या हबचा व्यास ५४.१ मिलिमीटर, आरपीएफ१ चं मधलं भोक ७३. मधली रिंग घेतली नाही तर चाक बसवताना नीट मध्यावर येईलच असं नाही, आणि मग शंभरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. मूळ नट २१ मिलिमीटरचे असतात, आणि बऱ्याच रिमच्या नटाच्या खोबणीत त्या मापाचा पाना आत शिरतच नाही. बारीक डोक्याचे, एम१२×१.५ आट्यांचे, शंकूच्या बुडाचे नट सोबतच मागवा. जर्मनीत राहणाऱ्यांनी रिम घेण्याआधी त्या मापाचं मंजुरीपत्र मिळतं का ते बघावं, नाहीतर गाडी तपासणीत अडकते. पुण्या-मुंबईत स्विफ्ट किंवा सिटीसाठी हाच विचार करणाऱ्यांनाही ४×१०० च लागतं, फक्त होंडाचा हब ५६.१ चा आहे, रिंग त्या मापाची घ्या.

नट टॉर्क रेंचने ८८ ते ११८ न्यूटन-मीटरच्या मध्ये आवळा, समोरासमोरच्या क्रमाने, आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा. नव्या रंगाचा थर दबला की ते थोडे सैल पडतात.