बीसीबीआर कोर्स: परीक्षेपुरता केला तर वाया, सिनॉप्सिस हातात घेऊन केला तर उपयोगी

‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ हे लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे बीसीबीआरच म्हणतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) चेन्नईतल्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तो बनवला आणि आयआयटी-आयआयएससीच्या एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण कार्यक्रमाच्या साथीने तो देशभर पोचला. २०१९-२० पासून पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहे, प्राध्यापकांनाही चुकलेला नाही. एकूण २३ पाठ आहेत. स्वाध्याय आणि परीक्षा या दोन्हींत वेगवेगळे किमान ५० टक्के लागतात, त्यामुळे एकातले जास्तीचे गुण दुसऱ्याला उपयोगी पडत नाहीत. स्वाध्यायाची मुदत ड्यूटीच्या गडबडीत हुकते, ते याच कारणाने महागात पडतं.

शिकवणं स्वच्छ आहे. संशोधन प्रश्न कसा बांधायचा, अभ्यासाचे प्रकार, नमुना निवड, माहिती गोळा करण्याचं साधन, डेटा व्यवस्थापन हे पाठ तर पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) जाड पुस्तकापेक्षा लवकर डोक्यात शिरतात. विश्लेषणाचा पाठ मात्र नावाप्रमाणेच धावता आढावा आहे. खरा डेटा हातात देऊन काही करून घेतलं जात नाही, पर्यायातून उत्तर निवडलं की झालं. पोहण्याची लेखी परीक्षा म्हणावी तसं.

म्हणून पाठ दिलेल्या क्रमाने बघू नयेत. कन्सेप्ट पेपर (अभ्यासाची थोडक्यात कल्पना) आणि प्रोटोकॉल (सविस्तर आराखडा) यांचे पाठ शेवटाकडे आहेत, ते आधी बघावेत. मग स्वतःच्या सिनॉप्सिसचा, म्हणजे थिसिसच्या आराखड्याचा, कच्चा मसुदा समोर ठेवून पहिल्यापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक पाठानंतर मसुद्यातला तेवढाच भाग दुरुस्त करावा. सिनॉप्सिस नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेल्यानंतर कोर्स केला, तर चुका कळतात खऱ्या, पण सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.

सर्वांत जास्त गोंधळ सॅम्पल साइझचा, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे याचा. थिसिसमध्ये सर्रास दिसणारं सूत्र म्हणजे ४पीक्यू भागिले एलचा वर्ग (पी म्हणजे आजाराचं टक्क्यांतलं प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे चालणारी चूक). आजाराचं प्रमाण २० टक्के आणि चूक ५ टक्के धरली तर २५६ जण लागतात, इथवर ठीक. पण प्रमाण ५ टक्के असताना एल तसाच ५ ठेवला की उत्तर येतं ७६. गाइड खूश, रेसिडेंट खूश, पण निष्कर्ष काय, तर प्रमाण ० ते १० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी! दुर्मीळ गोष्टीसाठी एल हा प्रमाणाच्या हिशोबात घ्यावा लागतो. पाचाच्या २० टक्के म्हणजे १ धरला तर आकडा १९०० वर जातो. तेवढे रुग्ण वर्षभरात येणार नसतील, तर सूत्राशी झटापट करत बसू नये, प्रश्न बदलावा.

कोर्स इंग्रजीत आहे, रुग्ण मराठीत बोलतो आणि तोही मराठवाड्यात वेगळं, खानदेशात वेगळं. ‘डिस्पनिया’चं ‘श्वसनास त्रास’ असं भाषांतर छापलं की उत्तर ‘नाही’ येतं. तेच ‘जिना चढताना दम लागतो का, धाप लागते का’ असं विचारलं की चित्र पालटतं. प्रश्नावली मराठीत करावी, दुसऱ्या माणसाकडून ती परत इंग्रजीत आणून ताडून बघावी आणि १०-१५ जणांवर चालवून पाहावी. संमतीपत्रालाही हेच लागू.

तुलना करायची तर ‘सॉर्ट इट’शी करावी. द युनियन (क्षयरोग आणि फुप्फुसाच्या आजारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि मेडिसाँ साँ फ्रॉन्तिए (‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’) यांनी हा संशोधनाचा प्रशिक्षण कार्यक्रम २००९ मध्ये सुरू केला. आता त्याचा समन्वय जागतिक आरोग्य संघटनेतला टीडीआर हा उष्णकटिबंधीय आजारांच्या संशोधनाचा कार्यक्रम करतो. साधारण डझनभर शिकणारे आणि सोबत मार्गदर्शक. टप्पे तीन: प्रश्न आणि प्रोटोकॉल, डेटा, आणि लेख. डेटा दोनदा भरून एपिडेटा या सॉफ्टवेअरमध्ये ताडून बघायचा, तिसऱ्या टप्प्यानंतर ४ आठवड्यांत लेख नियतकालिकाला पाठवायचा. टप्पा चुकला की माणूस बाहेर. कडक वाटतं, पण बीसीबीआरमध्ये जे नाही ते नेमकं इथे आहे: सोबतीला माणूस आणि मानेवर तारीख.

हजारोंना असे मार्गदर्शक पुरवणं कोर्सला शक्य नाही. ते काम जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम विभागाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने मिळून करता येतं. सुरुवात रजिस्टरमध्ये आधीच असलेल्या नोंदींपासून करावी. उदाहरणार्थ, गेल्या १२ महिन्यांत नोंद झालेल्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांपैकी किती जण सलग तीन महिने गोळ्या न्यायला आले नाहीत? मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा एकत्र तक्ता) बनवताना एकाच बाईचं नाव माहेरचं आणि सासरचं असं दोनदा सापडतं, मोबाइल नंबर शेजाऱ्याचा निघतो. यावरून रुग्ण कसा ओळखायचा हा नियम आधी कागदावर ठरवावा, एक्सेल उघडल्यावर नाही. केंद्राची स्वतःची इथिक्स कमिटी नसते, तेव्हा सामंजस्य करार करून महाविद्यालयाच्या समितीकडे जाता येतं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. नुसत्या नोंदींचा अभ्यास असला तरी मंजुरी लागते. ओळख काढून टाकलेली असेल तर संमतीतून सूट मागता येते, पण ती समितीने द्यायची असते, आपली आपण घ्यायची नसते.

लेखावर नाव कुणाचं, हेही पहिल्याच बैठकीत लिहून ठेवावं. प्रकाशन नीतीचा पाठ सगळ्यात शेवटी येतो आणि घाईत सुटतो. मग रजिस्टर उपसणारी सिस्टर आभारातही सापडत नाही. तिने आराखड्यात किंवा डेटात भर घातली असेल, तर मसुदा वाचून मत द्यायची संधी तिला मिळायलाच हवी.

नर्सिंग आणि लॅबच्या मंडळींना बीसीबीआरची सक्ती नाही, आणि त्यातली क्लिनिकल ट्रायलची बाजू त्यांच्या रोजच्या कामापासून लांबची आहे. त्यांनी प्रश्न, नमुना, साधन आणि डेटा एवढे विषय नीट केले तरी पुरेत. ट्रायल करणाऱ्या रेसिडेंटने मात्र एक तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी: सीटीआरआयमध्ये (क्लिनिकल ट्रायलच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी झाली पाहिजे. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.