"बिलावर लिहिलंय की मॅडम!"

मुलाच्या साखरपुड्याच्या अंगठीचे 2,36,900 रुपये मोजले. एक कॅरेटचा हिरा 1,95,000, सोनं-मजुरी 35,000, जीएसटी 6,900. खाणीतला म्हणून घेतलेला हिरा निघाला लॅबमधला, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, जो याच्या पाव किमतीतही मिळतो. सराफाचा "ओळखीत आहात, होलसेल भाव लावतो" हा प्रकार तुम्हाला माहीत आहेच, ते उगाळत नाही.

त्याने समोर हिरा तपासायचा टेस्टर टेकवला, टूं वाजलं. "बघा ताई, असली." वाजणारच! लॅबचा हिराही कार्बनच, उष्णता तशीच वाहून नेतो. टेस्टरवर अमेरिकन डायमंड पकडला जातो, लॅबचा नाही. नुसत्या डोळ्यांनी सराफालाही कळत नाही, मशीन लागतं.

आणि ते बिल. 'सीव्हीडी, व्हीएस1, जी', एका ओळीत. मी वाचलं, विचारलंसुद्धा. "ग्रेड आहे ताई." व्हीएस1 ही क्लॅरिटी म्हणजे हिऱ्याची स्वच्छता, जी हा रंग, मग सीव्हीडीही त्यातलंच काहीतरी, असंच कोणालाही वाटेल ना? वायूतून हिरा वाढवायची पद्धत आहे ती! तिथेच फोन काढून बघायचं. पण शेजारी व्याही बसलेले, होणारी सून अंगठी घालून बघतेय, अशा वेळी कोण गूगल करतं?

राग हिऱ्यावर नाही. पंतप्रधान मोदींनी 2023 मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबचाच होता, पण तो लॅबचा म्हणून सांगून दिला होता.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "बिलावर लिहिलंय की मॅडम, दिवाणी मामला आहे." म्हणजे फसवणारा खाली बारीक अक्षरात लिहून मोकळा! ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर दुकानदाराचं तेच उत्तर जोडून 'निकाली'. निकाली कोणासाठी? हॉलमार्कवाल्यांकडे गेले तर म्हणे सोनं बरोबर अठरा कॅरेटचं आहे, हिरा आमच्याकडे येत नाही. हे मात्र खरं. एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा नंबर, बघून हिऱ्यावर भरवसा ठेवू नका.

बिलावर 'नैसर्गिक हिरा' असे शब्द लिहून घ्या, नाही म्हणाला तर उठा. सर्टिफिकेट "कुरियरने पाठवतो" म्हणाला तर पैसेही कुरियरनेच येतील म्हणावं. आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या लॅब हिऱ्याचा रिपोर्ट नंबर एलजीने सुरू होतो, हिऱ्याच्या कडेवरही कोरतात. आमच्या अंगठीतही होता, दुसऱ्या सराफाने भिंगातून दाखवला.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. काल दुकानदाराचा निरोप आला, अंगठी आणून द्या, 60,000 देतो. वर म्हणतो, "ताई, लॅबचे भाव पडलेत हो."