मोटर थांबवायला सील-इन बरं की सेट-रिसेट?

पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरमध्ये) मोटर चालू-बंद करायच्या या दोन पद्धती सर्रास दिसतात. सील-इनमध्ये स्टॉप, ओव्हरलोड (मोटरवर जादा भार आल्यास उघडणारा कॉन्टॅक्ट) आणि स्टार्ट प्रोग्रॅमच्या एकाच ओळीत असतात. स्टार्टला समांतर त्याच आउटपुटचा कॉन्टॅक्ट, म्हणजे बटण सोडलं तरी मोटर चालू राहते. सेट-रिसेटमध्ये एक ओळ आउटपुट चालू करते, दुसरी बंद. खरा फरक कळतो तो मोटर थांबेनाशी झाल्यावर.

सील-इनमध्ये ऑनलाइन गेलात (चालू पीएलसीला लॅपटॉप जोडलात) की अख्खं कारण एका ओळीत दिसतं. सेट-रिसेटमध्ये क्रॉस-रेफरन्स (तो बिट कुठे कुठे वापरलाय याची यादी) काढून सेट कुठून कुठून होतोय हे शोधत बसावं लागतं. त्यात स्कॅनमध्ये (प्रोग्रॅमच्या वरून खाली होणाऱ्या एका फेरीत) शेवटी लिहिणारी ओळ जिंकते. सेटची ओळ रिसेटच्या खाली असेल आणि स्टार्टचं बटण अडकलं, तर स्टॉप दाबूनही मोटर फिरतच राहते.

सेट आणि रिसेट एकत्र असलेला तयार फ्लिप-फ्लॉप ब्लॉक वापरताना नावावर विसंबू नका. आयईसी 61131-3 या पीएलसी प्रोग्रॅमिंगच्या मानकात एसआर म्हणजे सेट वरचढ, म्हणजे दोन्ही एकदम आले तर सेट जिंकतो. सीमेन्सच्या एसआरमध्ये मात्र रिसेट वरचढ. पिनवरचा 1 पाहा: एस1 असेल तर सेट, आर1 असेल तर रिसेट. मोटरसाठी रिसेटच वरचढ हवा.

वीज जाऊन आली की सील-इन सुटलेलं असतं. ॲलन-ब्रॅडलीच्या पीएलसीतला लॅच (म्हणजे सेट केलेला) बिट मात्र तसाच राहतो, आणि वीज परतताच मोटर आपोआप सुरू होऊ शकते. तिथे कोणाचा हात असेल तर?

दोन्हींत स्टॉपचं बटण एनसीच (न दाबता जोडलेलं, दाबलं की तुटणारं) जोडा, म्हणजे वायर तुटली तरी मोटर थांबते. मग प्रोग्रॅममध्ये त्याचा कॉन्टॅक्ट एनओ (इनपुट 1 असताना जोडला जाणारा) हवा, कारण बटण न दाबता इनपुट 1 असतो. स्टॉप दाबून धरल्यावरच मोटर सुरू होत असेल, तर चूक इथेच आहे.

माझं मत सील-इनच्या बाजूने. अनेक टप्प्यांच्या सीक्वेन्समध्ये सेट-रिसेट सोयीचं पडतं. तिथे ते अंतर्गत बिटांपुरतं ठेवा आणि प्रत्यक्ष आउटपुट एकाच ओळीत, स्टॉप व ओव्हरलोड सिरीजमध्ये घेऊन लिहा.

आउटपुटचा दिवा विझला, कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला व्होल्टेज नाही, तरी मोटर चालूच? मग प्रोग्रॅम सोडा. बहुधा कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. इमर्जन्सी स्टॉप तर साध्या पीएलसीच्या भरवशावर कधीच ठेवू नका, त्याला सेफ्टी रिलेचा (सुरक्षेसाठीच बनवलेल्या रिलेचा) स्वतंत्र मार्ग द्या.